न टेकणारी भिंत

दार बंद झालं, त्याच्या रबरी कडा चौकटीत रुतल्या, आणि आतली सहाही माणसं श्वास धरून उभी राहिली.

"आता ऐका," छोट्या म्हणाला. "म्हणजे काही ऐकू येत नाही, ते ऐका."

आत्यांनी तेवढ्यात खाकरून घेतलं. "मग नक्की काय ऐकायचं, ते तरी सांग."

"आत्या, दोनच मिनिटं."

छोट्याला चाळिसावं लागलं होतं, तरी घरात त्याला दुसरं नाव मिळालं नव्हतं. पंधरा वर्षं परक्या स्टुडिओंत परक्यांचे आवाज टिपून तो गेल्या वर्षी बायकोला घेऊन घरी परतला, आणि बाबांनी फर्निचरच्या कारखान्याचा मागचा भाग एका शब्दावर त्याच्या हवाली केला. जिथे लाकडाच्या थप्प्या लागायच्या, तिथे आता विटांच्या खोलीच्या पोटात दुसरी खोली उभी होती. सोमवारी अकरा वाजता प्रकाशनाच्या बाई ती खोली ऐकायला येणार होत्या. बघायला नव्हे, ऐकायला. त्यांना पुस्तकं वाचून घ्यायची होती, वर्षभर रोज कुणी ना कुणी माइकसमोर बसेल इतकी. आणि आधीच्या दोन स्टुडिओंना त्यांनी 'मागे काहीतरी गुरगुरतं' एवढ्यावरून नकार दिला होता. आज शनिवार होता, आणि खोलीचं दार आजच बसलं होतं.

खोलीत शांतता दाटत गेली. आत्यांच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा हातातच विरला. आणि मग त्या शांततेच्या तळातून आलं.

ठक्.

जरा थांबून पुन्हा, ठक्.

शेजारच्या छापखान्याचं यंत्र. छोट्या आणि त्याची ताई त्या आवाजात लहानाची मोठी झाली होती. कारखान्यात तो कुणाच्या ध्यानातही येत नसे. पण ह्या खोलीत तो असा आला, जणू भिंतीपलीकडून कुणी बोटाच्या पेराने वाजवून विचारतंय, येऊ का आत?

छोट्याने डोळे मिटले. त्याची बायको त्याच्याकडे बघत राहिली. खोली बांधणाऱ्या गप्पमिस्त्रीने पुढे होऊन भिंतीच्या कापडावर तळहात ठेवला, आणि त्याचा हात तसाच थिजला.

ताई दाराशी उभी होती. भावाचा उतरलेला चेहरा तिने पाहिला, आणि तिच्या आत पहिल्यांदा जे उमटलं ती भीती नव्हती. ते गोड होतं. साखरेचा खडा जिभेवर विरघळत जावा, तसं गोड. तो पुरता विरघळल्यावर मग भीती आली.

कारण ती ठकठक कुठून येते, हे त्या सहा जणांत तिला एकटीला ठाऊक होतं.

*

सगळे कारखान्यात येऊन बसले, कुणी अर्धवट झालेल्या पलंगावर, कुणी कामाच्या बाकावर. कुणीतरी चहा ठेवला. तो उकळत होता तरी उतरवायचं कुणालाच सुचत नव्हतं.

"एवढं करून आवाज यायचा तो येतोच," आत्या म्हणाल्या. "मग आमची बाहेरची खोली काय वाईट होती? तिथे निदान पंखा तरी आहे."

"येऊच शकत नाही आवाज," गप्पमिस्त्री म्हणाला. खोल्या गप्प करणं हा त्या माणसाचा धंदा, आणि स्वतः मिनिटभर गप्प बसणं त्याला जमत नसे, म्हणून आत्यांनीच पहिल्या आठवड्यात त्याचं हे नाव ठेवलं होतं. तोही त्या नावाला हसत ओ द्यायचा. आज हसला नाही. "बाबा, तुम्ही बघितलंय की. भिंतीखाली रबर, वर रबर, विटांपासून चार बोटं लांब. आतली खोली बाहेरच्या खोलीला कुठेही टेकलेली नाही. टेकली तरच आवाज चढतो. एक लाकडाचा तुकडा मध्ये अडकला तरी पुरे, त्याच्यावरून तो चालत येतो."

"मग टेकली असणार," छोट्या म्हणाला.

"माझ्या हातून नाही."

"मग काय भुतांनी टेकवली?"

"अरे," त्याची बायको हलकेच म्हणाली, "आरडाओरड करून काय सापडणार?"

"तू बोलूच नकोस. तूच आणलंस ना यांना?"

चित्रपटांतल्या पात्रांना आवाज देण्याचं काम ती करायची, आणि गप्पमिस्त्रीने बांधलेल्या खोलीत बसून दोन वर्षं तिने ते केलं होतं. तिच्याच शब्दावर त्याला बोलावलं होतं. आता ती बाकावरचा भुसा बोटाने गोळा करत बसली, आणि ताईने ते चहाच्या भांड्याशी उभं राहून नीट पाहून घेतलं.

ती घरात आली त्या दिवसापासून ताई तिला 'वहिनी' म्हणायची, अगदी मान देऊन, आणि त्या मानामागे चांगलं हातभर अंतर ठेवायची. वहिनीचा आवाज मऊ होता. ती 'बाबा' म्हणायची तेव्हा बाबा हातातला रंधा खाली ठेवून तिच्याकडे वळायचे. ताई म्हणायची तेव्हा रंधा चालवत 'हं' म्हणायचे. हे काही कुणाला सांगण्यासारखं दुःख नव्हतं. सांगितलं असतं तर लोक हसले असते. म्हणून ते आतल्या आत मुरत गेलं.

आणि त्यात हा मिस्त्री. चौथ्या दिवसापासून तोही त्यांना बाबाच म्हणायला लागला.

*

ताई बावीस वर्षांची असताना कारखान्याचा मुकादम काम सोडून गेला, आणि 'चार दिवस बघ जरा' म्हणून बाबांनी तिला उभं केलं. ते चार दिवस अठ्ठावीस वर्षं चालले. लग्नाच्या गोष्टी निघाल्या आणि मावळल्या. कपाटं, पलंग, एका अख्ख्या शाळेचे बाक, सगळं तिच्या नजरेखालून गेलं. एखादी वस्तू गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी बाबा तिला दोन्ही हातांनी धरून हलवायचे. हलली तर परत. नाही हलली तर म्हणायचे, "चालेल." अठ्ठावीस वर्षांत ताईला मिळालेला सगळ्यात मोठा शब्द तोच होता, आणि तेवढ्यावर ती जगलीही असती.

पण दोन महिन्यांपूर्वी आतल्या खोलीच्या भिंतीचा लाकडी सांगाडा उभा राहिला, आणि बाबा तो तपासायला गेले. ताई मागेच होती. बाबांनी दोन्ही तळवे लावून जोर दिला. सांगाडा केसभर डोलला आणि हळूच जागेवर आला.

आता परत पाठवणार, ताईला वाटलं. तिने तर श्वाससुद्धा रोखला होता.

बाबांनी पुन्हा ढकललं. पुन्हा तो डोलून जागेवर आला. आणि बाबा हसले. "हलायलाच हवी म्हणतोस?"

"हलायलाच हवी, बाबा. खाली रबर आहे ना. कुणाला धरून उभी नाही, म्हणून तर गप्प राहणार."

"जन्मभर मी हलू नये म्हणून राबलो," बाबा म्हणाले. "आणि हे असंही असतं. वा."

वा.

ते एक अक्षर ऐकून ताई तिथून निघून पुढे आली आणि कारण नसताना एका कामगारावर खेकसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री आणि त्याची माणसं जेवायला गेली असताना ती मागे गेली. सांगाड्यावर अजून बोर्ड चढले नव्हते. लाकडी खांबांच्या मधून हात घातला की मागची विटांची भिंत लागत होती. तिने त्या चार बोटांच्या फटीत लाकडाच्या चार पाचरी ठोकल्या, खांब आणि वीट यांच्यामध्ये, घट्ट. मग तळवे लावून ढकललं. भिंत जागची हलली नाही. ताईला किती तरी दिवसांनी मोकळा श्वास आला.

मिस्त्रीने सकाळीच सगळ्या फटी तपासल्या होत्या. जेवून आल्यावर त्याने खांबांमध्ये लोकरीच्या लाद्या भरल्या आणि बोर्ड ठोकले. बोर्डांवर ताईने स्वतःच्या हाताने कापड ताणलं.

हाताची सवय, ती पुढे स्वतःला सांगत राहिली. हलणारी वस्तू बघवली नाही, हात आपसूक गेला. रोज सकाळी देवापुढे बसल्यावर मात्र हे वाक्य तिला तोंडातल्या तोंडात म्हणावं लागायचं, चटकन, पुढच्या नमस्काराच्या आत.

*

"ये जरा इकडे," छोट्या तिला दोन कपाटांच्या मध्ये घेऊन गेला. "ताई, खरं सांग. तुला काय वाटतं?"

"मला काय कळतं त्यातलं?"

"तुला नाही तर कुणाला कळतं? बाबा त्याच्या बोलण्याला भुलले, आणि मीही. तू कधी एक शब्द बोलली नाहीस, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं." तो कपाटाच्या फळीवर नखाने रेघा ओढत होता. "मी त्याला आज काढतो. पुढचं तू बघ. खोली उकलायची असेल तर उकल, नव्याने बांधायची तर बांध. बाबा आहेत, तू आहेस. परक्याला घरात घेतलं हीच चूक झाली माझी."

ताईला तो लहानपणी दिसला, शाळेतून रडत आलेला, गणित चुकलं म्हणून नव्हे, वर्गात बाईंनी त्याची सोडून दुसऱ्या मुलीची वही सगळ्यांना दाखवली म्हणून रडणारा. जळणं दोघांच्याही रक्तात होतं. त्याचं बाहेर यायचं, एवढाच फरक.

"आणि सोमवार?" तिने विचारलं.

"सोमवार गेला. बाईंना फोन करतो. त्या काही दुसऱ्यांदा येत नाहीत."

म्हणजे हवं ते सगळं तिच्या ओंजळीत येऊन पडलं होतं, आणि त्यासाठी तिला फक्त गप्प राहायचं होतं. मग दुसरं एक सुचलं, आणि ते त्याहून चांगलं वाटलं. शोधायला म्हणून आपणच पुढे व्हायचं. इथे उघडा बरं, म्हणायचं. पाचर निघेल. मिस्त्रीचं पॅकिंग, काम चालू असताना आधाराला लावलेलं लाकूड, आत राहिलं, असं म्हणायचं. दोष त्याचा, शोध आपला, आणि सोमवारही वाचला. कुणाचंच नुकसान नाही. एका परक्या माणसाचं सोडलं तर.

"फोन नको करूस," ती म्हणाली. "आधी शोधून तर बघू."

"कसं शोधणार? साडेतीन झाले. छापखाना सहाला बंद होतो. आवाजच नसला तर शोधायचं काय? आणि उद्या रविवार."

"अगं, दादा कुठे चालला?" आत्यांचा आवाज आला.

बाबा लाकडाच्या कपच्यांतून एक हातभर लांबीची पट्टी निवडत होते. यंत्राच्या करवतीने त्यांचे कान निम्मे केले होते, पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दात मात्र सगळे स्वतःचे होते. सागाच्या फळीत कीड आहे का, हे ते पट्टीचं एक टोक फळीला लावून दुसरं दातांत धरून सांगायचे. कीड कुरतडते ती हाडात कळते, म्हणायचे.

"दाताने शोधणार?" छोट्या म्हणाला.

"तुझ्या माइकपेक्षा जुने आहेत," बाबा म्हणाले आणि आत गेले.

*

खोलीत पुन्हा सगळे जमले. बाबा भिंतीच्या कडेकडेने सरकत होते, पट्टी दातांत, डोळे मिटलेले. पट्टी कापडाला टेकवायचे, थांबायचे, मान हलवायचे, वीतभर पुढे जायचे. गप्पमिस्त्री त्यांच्या मागोमाग खडू घेऊन जात होता. दोघांचीही पावलं एकाच वेळी पडत होती, आणि एवढ्या सगळ्यातही ते ताईच्या डोळ्यांत खुपलं.

"दादा, हे बरं दिसतं का," आत्या पुटपुटल्या. "भिंती चावत फिरतोय."

वहिनीला हसू आलं आणि तिने ते पदराने नाही, हाताच्या पंजाने दाबलं.

ताई मोजत होती. पहिली पाचर खिडकीच्या काचेपासून दीड हातावर. बाबा एक हातावर पोचले. मग सव्वा. तिने तोंड उघडलं, 'इथे उघडा बरं' म्हणायला, ठरवलं होतं त्याप्रमाणे. बाबांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहून ते तसंच मिटलं.

बाबांच्या कपाळावर आठी पडली. ते तिथेच थांबले. ठक्. त्यांनी डोळे उघडून भिंतीवर बोट ठेवलं.

मिस्त्रीने फुली मारली. छोट्याने पातं फिरवून कापड चिरलं, ताईने महिनाभर ताणून बसवलेलं कापड, आणि बोर्डाला चौकोनी भोक पाडलं. लोकर ओढून काढली. मिस्त्रीने खांद्यापर्यंत हात आत घातला.

"आहे," तो म्हणाला. "काहीतरी आहे. लाकूड आहे." बाहेरून ऐकू येईल इतका मोठा श्वास घेऊन त्याने पटाशीने ठोकलं, दोनदा, तीनदा, आणि हात बाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत पाचर होती.

ठकठक जराशी मंदावली. पुरती थांबली नाही.

"हे माझं नाही," मिस्त्री म्हणाला.

"मग काय माझं?" छोट्याचा आवाज चढला. "बोर्ड तुमच्या माणसांनी ठोकले, आत लोकर तुम्ही भरलीत."

"माझ्याकडे ह्या लाकडाचा तुकडासुद्धा नव्हता. हे बघा तरी, बाबा."

बाबांनी पाचर घेतली. त्यांनी ती पाहिली नाही. अंगठा फिरवला, एका कडेवरून, मग दुसऱ्या, मग उरलेल्या दोन्हींवरून. चारही कडांची धार रंध्याने मोडलेली होती. त्या कारखान्यातून कधीही, कुठल्याही कपाटाच्या पाठीमागेसुद्धा, धार असलेलं लाकूड बाहेर गेलेलं नव्हतं. कुणाचं बोट कापू नये म्हणून. शहरात दुसरं कुणीही भिंतीत गाडायच्या पाचरीच्या कडा मोडत बसलं नसतं.

ताईला तेव्हाच कळलं, आणि बाबांच्याही आधी तिला स्वतःबद्दल कळलं. हात आपसूक जातो तेव्हा कडा मोडायला वेळ नसतो. तिने त्या चार पाचरी आदल्या संध्याकाळी बाकावर बसून केल्या होत्या. एकेक. सावकाश. आणि दोन महिने हे ती विसरली होती, किंवा विसरल्याचं तिने स्वतःला पटवलं होतं.

बाबांचा अंगठा थांबला. त्यांनी मान वर केली नाही.

"पॅकिंगची असेल," ते म्हणाले. "कामाच्या गडबडीत राहून जाते एखादी."

"म्हणजे यांचीच," छोट्या म्हणाला.

बाबांनी पाचर मुठीत झाकली.

मिस्त्री त्यांच्याकडे बघत होता. "बाबा?"

बाबांनी पाचर खिशात टाकली.

"ऐकलंत ना," छोट्या म्हणाला. "उचला सामान. बाकीचं आम्ही घरची माणसं बघून घेऊ."

घरची माणसं. आत्यांनी जोरात मान डोलावली. वहिनी एक पाऊल पुढे आली आणि नवऱ्याचा चेहरा पाहून मागे सरली. मिस्त्री खाली बसून हत्यारं पिशवीत भरायला लागला. प्रत्येक हत्यार तो अंगावरच्या सदऱ्याला पुसत होता. तो इथे आल्यापासून इतका वेळ गप्प राहिल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

ताई बाबांकडे पाहत होती. ज्याची अठ्ठावीस वर्षं वाट पाहिली ते घडलं होतं. बाबांनी निवड केली होती, सगळ्यांसमोर, आणि तिला निवडलं होतं. पण ते तिच्याकडे बघत नव्हते. ते पायांजवळच्या लोकरीकडे बघत होते, आणि त्यांचे खांदे असे खाली आले होते की एकाएकी ते एखाद्या झिजून संपलेल्या माणसासारखे दिसत होते. केसभर हलणारं कपाटही न पाठवणारा माणूस, आणि त्याने हे खोटं पाठवलं. तिच्यामुळे.

"ती माझी आहे," ताई म्हणाली.

त्या खोलीत आवाज चढवावा लागत नव्हता. साधं बोललेलंही प्रत्येकाच्या कानाशी जाऊन उभं राहत होतं.

"काय तुझी?" छोट्या म्हणाला.

"पाचर. अशा चार आहेत. चारही मीच ठोकल्या."

"अगं, काहीतरीच काय," आत्या म्हणाल्या. "त्याला वाचवायला बोलतेय ती. मुलखाची भोळी."

"भोळी नाही मी, आत्या."

चिडायला छोट्याला जागाच सापडत नव्हती. "चुकून?" त्याने विचारलं, आणि तो शब्द त्याने अशा तऱ्हेने पुढे केला, की तिने फक्त तो उचलायचा होता.

"नाही," ताई म्हणाली. "मुद्दाम. यांनी तीनदा समजावलं होतं, टेकली की आवाज येईल म्हणून. मला कळलं होतं."

"का पण?"

आता बाबांनी मान वर केली. ताईने ते उत्तर कित्येक रात्री मनात घोळवलं होतं. तिथे ते मोठं असायचं, त्याला मागचा पुढचा आधार असायचा, ऐकणारा शेवटी खाली मान घालायचा. तोंडातून निघालं ते अगदीच लहान.

"बाबा यांना 'वा' म्हणाले," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"बाकीच्या तीन कुठे आहेत?" वहिनीने विचारलं. तिच्या मऊ आवाजात राग होता, पण तो तिने बाजूला काढून ठेवला होता, नंतरसाठी. "पाच वाजायला आलेत. यंत्र तासभरच चालेल."

ताईने पुढे होऊन बोट ठेवलं. इथे. मग कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर. मग दाराच्या चौकटीपासून हातभर. दातांची गरज पडली नाही.

*

दुसरी निघाली तेव्हा ठकठक दूर गेली. तिसरी कोपऱ्यात होती आणि हट्टी निघाली. मिस्त्रीचा दंड सोलवटला तेव्हा कुठे ती सुटली. चौथी ताईने स्वतः काढली, कारण तिथे मिस्त्रीचा हात पोचेना आणि तिचा बारीक होता. तिचा गाल बोर्डाला टेकला होता आणि त्या पाचरीतून छापखान्याचं यंत्र तिच्या मनगटात वाजत होतं. मग ती निसटली, आणि मनगट शांत झालं.

दार लावलं. सहा माणसं उभी राहिली.

काही नाही.

"बंद झालं असेल यंत्र," आत्या कुजबुजल्या.

छोट्याने दार उघडलं. कारखान्याच्या भिंतीवरून ठकठक धावत आत आली. त्याने दार लावलं. ती दारातच कापली गेली. त्याने पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, लहान मुलासारखं, आणि तिसऱ्यांदा लावल्यावर भिंतीला पाठ टेकवून तो खाली बसला. त्याच्या पाठीमागे भिंत केसभर मागे गेली आणि जागेवर आली.

त्या शांततेत प्रत्येकाचा श्वास वेगळा ऐकू येत होता. बाबांचा थोडा शिटीसारखा. ताईला वाटलं, आता काहीतरी सुटेल, आतलं इतकी वर्षं आवळलेलं. खरं बोलल्यावर माणूस हलकं होतं असं तिने ऐकलं होतं, आणि त्यावर तिचा विश्वासही होता.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्हाला मी..."

"आत्ता नको, ताई."

छोट्या जमिनीकडे बघत म्हणाला, "बोर्ड उद्या लागतील ना?"

"दुपारपर्यंत," मिस्त्री म्हणाला. त्याच्या दंडाला वहिनीने रुमाल बांधला होता. "पण कापड? चार ठिकाणी फाटलंय. ते नीट ताणलं नाही तर बाईंच्या नजरेत भरेल."

"दुसरं कुणी मिळेल का उद्या?"

मिस्त्रीने ताईकडे पाहिलं नाही. "रविवारी अवघड आहे."

बाबा काही म्हणतील म्हणून ताई थांबली. बाबा मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल, दंड धुऊन घे आधी," आणि दोघं बाहेर गेले. दार बंद होण्याआधी मिस्त्रीचा आवाज सुरू झालेला तिला ऐकू आला, कोणत्याशा जुन्या स्टुडिओची गोष्ट, आणि त्यावर बाबांचा बारीकसा हुंकार.

ते जळणं होतं तिथेच होतं. छातीत, डाव्या बाजूला, तेवढंच. सगळं ओतून टाकल्यावरही भांड्याच्या बुडाशी तसंच चिकटलेलं. ताईने ते ओळखलं. ह्यावेळी तिने त्याला हाताची सवय म्हटलं नाही, दुसरंही काही म्हटलं नाही. ती खाली वाकून फाटलेल्या कापडाचे धागे गोळा करायला लागली.

"ताईच ताणतील कापड," वहिनी म्हणाली.

छोट्याने मान वर केली.

"त्यांच्याइतकं कुणाला जमणार आहे? बाई येतील तेव्हा एक सुरकुती दिसायला नको." वहिनी ताईकडे वळली. "पण मी शेजारी बसेन. सकाळपासून शेवटचा खिळा ठोकेपर्यंत. प्रत्येक भोकात आधी मी हात घालून बघणार."

आत्यांनी नाक मुरडलं. "हे जरा जास्तच होतंय हं, सूनबाई."

ताई उठली. गुडघे धरून, सावकाश. तिच्या हातात धाग्यांचा पुंजका होता.

"होऊ दे, आत्या," ती म्हणाली, आणि मग वहिनीला, "आठला सुरू करू. नुसतं बसून चालायचं नाही मात्र. कापडाचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच."